तिघांचं बजेट

"तिघांचं धरते हं," नूपुर म्हणाली आणि लॅपटॉपवर खटकन कळ दाबून मोकळी झाली.

कमलाकरच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला, चहा सांडला, आणि सांडलेला चहा परत कपात ओतायच्या निमित्तानं त्यानं मान खाली घातली. गेल्या पावसाळ्यापासून, म्हणजे नाशिक-पुण्याच्या पावसाळ्यापासून, कारण इथं अरबी वाळवंटातल्या राबिघमध्ये कसला आलाय पावसाळा, या घरात तो आकडा कुणी तोंडानं उच्चारला नव्हता. 'आपण सगळे' म्हणायचं, 'घरातले' म्हणायचं, काहीच सुचलं नाही तर नुसतं 'आपल्याला' म्हणून वेळ मारून न्यायची, अशी रीतच पडून गेली होती. हॉटेलात वेटरनं किती जण म्हणून विचारलं की कमलाकर बोटं वर करायचा, शब्द काढायचा नाही. एकदा सवयीनं चार बोटं वर झाली आणि वेटरनं चार ताटल्या मांडल्या. जेवण संपेपर्यंत ती चौथी ताटली उचलून ने म्हणून सांगायला कुणाचीच जीभ उचलली नव्हती. आणि आता ही पंधरा वर्षांची पोर मीठ मागावं तितक्या सहज म्हणून गेली. तिचा तरी काय दोष? विमानाच्या तिकिटांच्या पानावर 'आपण सगळे' असं भरता येत नाही. तिथं आकडाच लागतो.

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. शर्मिलानं ऐकलं असेल. ऐकलंच असणार. कमलाकर कानात प्राण आणून बसला, पण आतून भांडं ठेवल्याचा नेहमीचा आवाज आला आणि नळ पुन्हा सुरू झाला. नूपुर पुढं सांगत होती, जेद्दाहून कोलंबो, डायरेक्ट फ्लाइट, ईदच्या सुट्टीचे पहिले दोन दिवस सोडले तर फेअर बरंच खाली येतं, बाबा, लिसन ना. तो ऐकत होता. म्हणजे तिच्या तोंडाकडं बघत होता. बारा वर्षं रिफायनरीत पंपांचे आवाज ऐकून ऐकून त्याला एक विद्या साधली होती, समोरचं यंत्र काय बोलतंय ते वरवर ऐकायचं आणि त्याच्याखाली दुसरं काय कुरकुरतंय तिकडं कान लावायचा. आत्ता खाली जे कुरकुरत होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं, आणि घरात दुसऱ्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

सहलीची गोष्ट निघाली होती शर्मिलामुळं. मागच्या शुक्रवारी हायपरमार्केटात ती भाजीच्या फळीपाशी उभी राहिली, एक शेंडीचा नारळ उचलला, कानाशी हलवून बघितला, आणि नारळ हातात तसाच धरून म्हणाली, "मला कुठंतरी ओल्या जागी जायचंय. झाडं असतील, पायाला चिखल लागेल, अशा. पण तिकडं नको." वर्षभरात 'चालेल' आणि 'असू दे' यापलीकडं ती फारसं काही बोलली नव्हती. काही हवंय असं तर एकदाही म्हणाली नव्हती. कमलाकरला त्या फळीपाशीच रडू फुटायची वेळ आली होती. 'तिकडं' म्हणजे कुठं हे विचारायची गरज नव्हती. नाशिकच्या घरी दारातच गळ्यात पडून 'कसं गं झालं' विचारणाऱ्या नणंदा होत्या, पुण्याच्या रस्त्यावर ते हॉस्पिटल होतं, आणि मुंबईच्या विमानतळावर सामान तपासणीचा तो पट्टा होता, जिथं मुलाची, ओमची बॅग घेऊन परतताना शर्मिला खाली बसली होती. हिरवं हवं, ओलं हवं, भात-नारळ हवा, पण कुणी ओळखीचं नको. म्हणजे आपल्याच गावासारखं गाव, फक्त आपलं नसलेलं. असं ठिकाण शोधायचं आणि तेही परवडणारं शोधायचं, हे काम नूपुरनं आपण होऊन अंगावर घेतलं.

आणि ते काम ती जीव तोडून करत होती. कमलाकरला ते दिसत होतं. मालदीवला व्हिसाची कटकट नाही, पण जेवणच महाग, पाण्याची बाटलीसुद्धा बोटीनं येते, सो नो. थायलंडला आपल्या पासपोर्टवर सरळ जाता येतं, राहणंही स्वस्त, पण इथून विमानाचं भाडं फार आणि आईला माशांचा वास चालत नाही. मलेशिया कागदावर बरं दिसतं, पण बेटावर जायला दुसरं विमान लागतं. श्रीलंका बसते. ऑनलाइन परवाना, समुद्राच्या कडेकडेनं जाणारी रेल्वे, तिचं भाडं म्हणजे अगदी किरकोळ, आणि कुणाच्या तरी घरातली वरची खोली भाड्यानं घेतली तर सकाळी घरची बाई भात आणि नारळाची कालवणं करून वाढते, तीही बिनमाशांची. हे सगळं तिनं मराठी, हिंदी आणि इंग्रजीची मिसळ करून, एका दमात सांगितलं. तिचे डोळे लॅपटॉपवर नव्हते, स्वयंपाकघराच्या दारावर होते. त्या दाराच्या आत गेल्या थंडीत एकदा दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला होता आणि शर्मिला शेजारीच स्टुलावर बसून त्याकडं बघत होती. कमलाकर ड्यूटीवरून आला तेव्हा नूपुरनं खिडक्या उघडल्या होत्या, पातेलं घासत होती, आणि "काही नाही बाबा, मीच विसरले," म्हणाली होती. तो खोटेपणा त्यानं खपवून घेतला, कारण खपवून न घेता पुढं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं.

आता त्याची कुरकुर. या मुलखात परक्या माणसानं राहायचं म्हणजे इकामा लागतो, आणि बाहेर जायचं तरी परवानगी लागते. परत यायचंय अशी परवानगी. तिला एक्झिट री-एंट्री व्हिसा म्हणतात आणि तिला मुदत असते. कंपनी इंजिनिअरच्या इकाम्याचं बघते, बायकापोरांचं ज्याचं त्यानं. माणशी दरमहा फी, ती वर्षाची एकदम भरायची, तेव्हाच इकामे पुढं सरकतात, आणि इकामे सरकल्याशिवाय सहलीला बाहेर पडायची परवानगी मिळत नाही. हे सगळं हल्ली फोनवर होतं, अबशर नावाच्या सरकारी ॲपवर. ते उघडलं की कमलाकरच्या नावाखाली त्याची माणसं दिसतात. शर्मिला. ओम. नूपुर. ओमच्या नावापुढं लिहिलेलं असतं, मुलखाबाहेर.

पुण्याला कॉलेजसाठी निघताना जेद्दाच्या विमानतळावर ओमनं मागं वळून विचारलं होतं, "बाबा, व्हिसा सहा महिन्यांचाच काढलाय ना? डिसेंबरात येतोय मी, तेव्हा लोचा नको." कमलाकर म्हणाला होता, लागला तर वाढवता येतो, तू जा. काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं शिक्का मारला, यल्ला, चल, म्हणाला, ओम गेला. पावसाळ्यात होस्टेलवर डेंग्यू झाला आणि चार दिवसांत सगळं संपलं. परत आल्यावर, सुतक फिटल्यावर म्हणा हवं तर, कमलाकरनं एकदा कशासाठी तरी ॲप उघडलं तर तिथं ओम होताच. इकाम्यासाठी काढलेला फोटो, कान बाहेर आलेले, नुकताच केस कापून आणलेला, आणि खाली, मुलखाबाहेर. व्हिसाची मुदत संपत आली आहे, वाढवायची का? त्यानं वाढवली. विचार करून वाढवली असं नाही. दिलेला शब्द होता, लागला तर वाढवता येतो. मग पुन्हा मुदत आली, पुन्हा वाढवली. इकाम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा ओमची वर्षाची फी भरली. शर्मिलानं एकदाच विचारलं होतं, "त्याच्या कागदांचं सगळं झालं का?" आणि तो म्हणाला होता, झालं. हे वेडेपणाचं आहे हे न कळण्याइतका तो वेडा नव्हता. पण जेवणाच्या सुट्टीत टाकीच्या सावलीत बसून ते पान उघडावं, तिथं लिहिलेलं असावं की मुलगा बाहेर गेलाय आणि त्याला परत यायची परवानगी आहे, तेवढ्यावर पुढची शिफ्ट निघायची. सरकारदरबारी नोंद होती. एवढं मोठं सरकार म्हणतंय, मग आपण कोण नाही म्हणणारे.

आणि नेमकं याच महिन्यात पुन्हा इकामे संपत होते. ओमची फी आणि व्हिसा एका बाजूला आणि नूपुरची श्रीलंका एका बाजूला, दोन्ही पारडी जवळजवळ सारखी. दोन्ही होणार नव्हतं. मागच्या वर्षी पुण्याच्या हॉस्पिटलनं जे धुऊन नेलं होतं ते अजून भरून आलं नव्हतं.

म्हणून मग त्यानं बजेटला कात्री लावायला सुरुवात केली. नूपुरला वाटलं बाबा इंटरेस्ट घेतायत, ती हरखली. वातानुकूलित खोली कशाला, पंखा चालेल. आठ दिवसांऐवजी सहा. रेल्वेचा रिझर्व्ह डबा नको, साधा. टॅक्सी नकोच, बस असेल की. इथूनच खिचडीची आणि पोह्यांची पाकिटं नेऊ, गरम पाणी तर कुणीही देतं. कासवं बघायला बोट आहे म्हणतेस, तर किनाऱ्यावरून दिसत नाहीत का कासवं? नूपुर प्रत्येक वेळी ओके म्हणायची आणि खोडायची. कासवांपाशी तिचं बोट जरा थांबलं, मग तेही खोडलं. सहाचे पाच दिवस झाले तेव्हा तिनं त्याच्याकडं बघितलं. "बाबा, डू वी हॅव अ प्रॉब्लेम?" तो म्हणाला, छे, प्रॉब्लेम कसला, उगाच उधळपट्टी नको. आपण चिक्कू ठरतोय हे त्याला समजत होतं. ठरू दे. चिक्कू बापाला पोरं माफ करतात. पण तो कितीही कापत गेला तरी मधली फट बुजेना. तिकडं सहल इतकी रोडावली की तिच्यात आता ओल नव्हती, झाडं नव्हती, नुसता प्रवास उरला होता. आणि ओमच्या नावापुढची मुदत बुधवारी संपून गेली.

गुरुवारी दुपारी तो कचेरीत जमालुद्दीनकडं गेला. जमालुद्दीन श्रीवर्धनकडचा, कंपनीची सरकारी कामं बघायचा. त्याची बायको सुरैया आणि शर्मिला पूर्वी एकत्र भाजीला जायच्या. त्याची निदा नूपुरच्या वर्गात. गेल्या वर्षी त्या दिवसांत सुरैयानं दोन्ही वेळचे डबे पाठवले होते, मुद्दाम नवी भांडी घेऊन, बिनमाशाचे. ओमचं नाव अजून आहे हे एकट्या जमालुद्दीनला ठाऊक होतं आणि त्यानं कधी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"वीजा उतरला बगा पोराचा," त्यानं दार लोटून घेत सांगितलं. "आता दोन रस्ते हायत साहेब. पैसे भरा, अजून वाढंल. नाय तर नोंद करा, गेला आनि परत आला नाय. मग नाव उतरतं, पुडची फी पन नाय."

"परत आला नाही, असं?"

"तसंच लिवलेलं असतं. त्यांचा शब्दच तो हाय. पळून जातात, पोरं शिकायला जातात नि तिकडंच ऱ्हातात, सगळ्यांना तोच."

"दुसरं काही लिहिता येत नाही का?"

जमालुद्दीननं पेनाचं टोपण काढलं, लावलं. "दाखला आनायचा, दूतावासाचा शिक्का मारायचा, तसं पन होतं. वेळ जाईल. पन शेवटी नाव उतरतंच ना, साहेब." "मी माज्या बापाचा नंबर फोनातनं काडला नाय अजून. पन नंबराला फी नाय पडत. तुमी वैनींना सांगा. एकट्यानं हे वागवू नका."

शर्मिलाला सांगा. सांगायचं म्हणजे काय सांगायचं, याचाच विचार करत तो घरी आला. रात्री झोपेतसुद्धा त्याला ती नोंद दिसत राहिली, गेला आणि परत आला नाही, जसं काही ओमनंच शब्द मोडला होता, जसं काही बोलावूनही तो आला नव्हता. पोरावर हा आळ घ्यायचा, तोही आपल्या हातानं. न घ्यावा तर त्या बाईनं वर्षभरानं मागितलेली एक गोष्ट, नुसती ओली जमीन, ती पैशापायी नाकारायची, आणि मग पुन्हा ते स्टूल, ते पातेलं. कमलाकर मेटाकुटीला आला होता. रिफायनरीत भल्याभल्या पंपांचं दुखणं ओळखणारा माणूस, पण हे गणित त्याला सुटत नव्हतं आणि कुणाला तपासायला देता येत नव्हतं.

शुक्रवारी दुपार कलल्यावर ते नेहमीसारखे समुद्रावर गेले. समुद्रावर जायचं म्हणजे गाडी किनाऱ्याला लावून, काचा बंद ठेवून, एसीत बसायचं. तांबडा समुद्र समोर पत्र्यासारखा सपाट पडला होता. एक झाड नाही. डावीकडं लांबवर रिफायनरीची ज्योत, भर उन्हातही दिसणारी. नूपुर मागच्या सीटवर, कानात इअरफोन घालून. शर्मिला समोर बघत म्हणाली, "तिकडं पाऊस असतो का हो आत्ता?" आणि 'तिकडं' हा शब्द तिनं पहिल्यांदाच पुण्या-नाशिकसाठी वापरला नाही, श्रीलंकेसाठी वापरला. कमलाकरचं अवसान गळालं. त्यानं सगळं सांगून टाकलं. इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंगवरचे हात न काढता, समोर बघत सांगितलं, ॲप, फोटो, मुदत, फी, जमालुद्दीन, आणि ते लिहिलेलं असतं ते.

ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. खोटं का बोललात म्हणून विचारेल. तिनं हात पुढं केला. "बघू."

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. बोटानं फोटो मोठा करायला गेली, तो होत नव्हता. मग खालची ओळ वाचली, एकदा मनात, एकदा पुटपुटत. "बाहेर आहे," ती म्हणाली. "म्हणजे इथं अजून तसंच आहे."

"हो."

"कान बघा कसे बाहेर आलेत. मी सांगत होते, त्या न्हाव्याकडं नको म्हणून." आणि ती हसली. वर्षानंतर हसली. अगदी पूर्वीसारखी, डोळ्यांनी. "वाढवा."

"अगं, मग श्रीलंका…"

"श्रीलंका कुठं पळून चाललीय? वाढवा. यंदाचं वर्ष भरा."

घरी परतताना ती बोलत होती. भेंडी घ्या म्हणाली, ताजी दिसतेय. उद्या थालीपीठ लावते म्हणाली. ओमला थालीपीठ आवडायचं आणि वर्षभर ते घरात झालं नव्हतं. सिग्नलला तिनं पुन्हा फोन मागून घेतला आणि पुन्हा ते पान बघितलं. कमलाकरला आधी इतकं हलकं वाटलं की काय सांगावं, आपण एकटेच वेडे नव्हतो. मग हळूहळू ते हलकेपण ओसरलं. एकटा वेडा असताना निदान घरात एक माणूस शहाणं होतं, त्याला वाचवायचं होतं. आता ते माणूस त्याच्या शेजारी बसून हसत होतं, आणि ते हसू त्याला भीतीदायक वाटत होतं, कारण ते दर वर्षी पैसे भरून चालू ठेवावं लागणार होतं. त्यानं आरशात बघितलं. नूपुर खिडकीबाहेर बघत होती. तिचा एक इअरफोन कानातून निघून खांद्यावर लोंबत होता. कधीपासून, देव जाणे. तिला काहीतरी बोलायला हवं असं त्याच्या मनात आलं, पण तेवढ्यात हिरवा दिवा लागला आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

घरी येऊन त्यानं मुदत वाढवली नाही. उद्या करू म्हणाला. सर्व्हर डाऊन आहे म्हणाला. खरं म्हणजे सर्व्हर व्यवस्थित होता, तो स्वतःच डाऊन होता. आता बायकोची परवानगी मिळाली, चोरी उरली नाही, तर बोट पुढं सरकेना. शनिवारचा दिवस असाच गेला. शर्मिलानं ओमच्या खोलीतली चादर बदलली. ते तिनं वर्षभर करू दिलं नव्हतं, आणि आता गुणगुणत करत होती. कमलाकर बैठकीत बसून तो आवाज ऐकत होता, वरचा आणि खालचा, दोन्ही.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून भाजणीचा वास सुटला तेव्हा नूपुर लॅपटॉप घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बसली. "बाबा, बसतंय."

"काय बसतंय?"

"बजेट." तिनं स्क्रीन त्याच्याकडं वळवली. तिचा चेहरा दमलेला होता, पण आवाजात अभिमान होता, अवघड गणित सुटल्यावर असतो तसा. "सगळं बसतंय. मी आठ दिवस परत टाकलेत. एसी रूम. आईला कासवं पण दाखवा. आणि हे बघा, दादाची फी आणि व्हिसा पण धरलाय, पूर्ण वर्षाचा. इट ऑल फिट्स."

कमलाकरनं बघितलं. तिनं ओमची फी 'दादा' असं लिहून, एका स्वतंत्र ओळीत, नीट धरली होती. तिला सगळं कळलं होतं आणि तिनं त्यावर एक शब्द विचारला नव्हता, फक्त जागा केली होती. वर प्रवासी होते, दोन. शर्मिला आणि कमलाकर.

"आणि तू?"

"मी निदाकडं राहीन. मी सुरैया आंटींना विचारलंय, त्या हो म्हणाल्या. रिअली बाबा, आय डोन्ट माइंड. मला तसं पण बीच आवडत नाही, काळं पडायला होतं. आईला चेंज पाहिजे, ते महत्त्वाचं आहे ना." ती बोलता बोलता थांबली, मग जरा हळू म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी माझी पण फी वाचेल. मी इंडियात होस्टेलला जाऊ शकते अकरावीला. तसं लिहून ठेवलंय खाली."

वर्षभर रोज तो ॲप उघडत होता. शर्मिलाचं नाव ओलांडून ओमच्या नावावर थांबत होता, आणि ओमच्या खाली तिसरं नाव होतं, तिथपर्यंत त्याचं बोट एकदाही गेलं नव्हतं. तिचा फोटो कुठल्या वर्षीचा आहे हेही त्याला सांगता आलं नसतं. जळकं पातेलं घासणारी, खिडक्या उघडणारी, कासवं खोडणारी ही पोर घरात होती, मुलखाच्या आत होती, म्हणून तिची मुदत कुणी बघितली नव्हती. आणि तिनं बघा कसं शांतपणे, कुणावर न रागावता, स्वतःला वजा करून उत्तर काढलं होतं. कमलाकरला स्वतःची इतकी शरम वाटली की लॅपटॉपवरून नजर काढून तिच्याकडं बघणं त्याला जमेना.

"शर्मिला," त्यानं हाक मारली. "इकडं ये जरा."

ती हाताला लागलेलं पीठ पुसत आली, चेहऱ्यावर ते कालपासूनचं हसू घेऊन. सोफ्याच्या मागं उभी राहून, वाकून, तिनं स्क्रीन वाचायला सुरुवात केली, वरून खाली, दुकानातली पावती वाचायची तशी एक एक ओळ बोट ठेवून. दादाच्या ओळीवर तिचं बोट थांबलं आणि ती मायेनं मान हलवत पुढं गेली. शेवटपर्यंत गेली. मग पुन्हा वर आली. दुसऱ्यांदा खाली जाताना तिचं बोट सावकाश चालत होतं, आणि हसू कुठं गळून पडलं ते कमलाकरला कळलं नाही.

"हिचं नाव कुठंय यात?" तिनं त्याला विचारलं.



"आई, मी नाहीये त्यात," नूपुर म्हणाली. "मला धरलं तर बसत नाही."

बाहेर मगरिबची, दिवेलागणीच्या नमाजाची बांग सुरू झाली आणि खालच्या दुकानांची शटर्स एकामागून एक खाली आली. शर्मिला सोफ्याची पाठ धरून उभी होती. ती नूपुरकडं बघत होती, खूप दिवसांनी गावाहून आलेल्या माणसाकडं बघावं तशी, किती वाळलीय, केस कधी एवढे वाढले, आणि तिची नजर पोरीच्या चेहऱ्यावरून हटत नव्हती. आतून करपल्याचा वास यायला लागला. तव्यावरचं थालीपीठ. कमलाकर उठायला गेला, नूपुर त्याच्याआधी उठली, इतक्या सवयीनं उठली.

"बस तू," शर्मिला म्हणाली.

ती आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला, तवा सिंकमध्ये ठेवल्याचा चर्र आवाज आला, खिडकी उघडल्याचा आला. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि तिनं तो पुसला नव्हता. ती नूपुरच्या शेजारी येऊन बसली, इतकी जवळ की लॅपटॉप दोघींच्या मांडीवर आला, आणि हात पुढं केला.

"अहो, फोन द्या."

त्यानं ॲप उघडून दिला. ती फोटोकडं बघत राहिली. बाहेर आलेल्या कानांवरून तिनं एकदा अंगठा फिरवला.

"तो आला असता," ती म्हणाली. "तसं कुठं लिहायला जागा आहे का?"

"नाही."

"बरं." तिनं नाक ओढलं. "ती नोंद करायला कुठं दाबायचं ते दाखवा."

कमलाकरनं दाखवलं.